मी, तू, तो दारात

मिलट्रीमामा माझ्या दारात किती वेळा येऊन उभे राहिले याला गणती नाही; पण तीन वर्षांत उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल एकदाही पडलं नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांची माणसं अजून त्या भागात आहेत, आणि गावात तरी नावानं त्यांना कोण हाक मारत होतं? लढाईत जाऊन आलेले म्हणून मिलट्रीमामा, एवढंच. गाव गुंदच्याही आत, जंगलात. मोजकी घरं, खाली भाताची खाचरं, वर डोंगर. तालुका तेव्हा सुपा. पुढं ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. मी खानापूरकडचा, पोटासाठी तिथं मास्तर होऊन आलेला. शाळेची एक खोली, तिच्या मागं माझी खोली, आणि खिडकीत टपालाचा शिक्का नि लाखेची कांडी, कारण त्या रानात मास्तरच पोस्टमास्तर. टपालाची थैली दर गुरुवारी येई. गुरुवारी मामाही येत. अंगणात फणसाखाली उभे राहत आणि विचारत,

"मास्तर, इटलीला कागद जायाला किती दिस लागत्यात?"

"महिना तरी धरा."

"आनि इमानानं?"

"विमानानं पंधरा दिवस."

"बरं," म्हणत आणि चालू लागत. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. कागद मात्र कधी टाकला नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मी नीट उत्तर दिलं. नंतर नंतर त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी खिडकीतून ओरडत असे, "महिना! इमानानं पंधरा दिवस!" ते मान हलवून "बरं" म्हणत. मी मुळातच तापट. पण त्या माणसावर रागावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं.

एकदाच खरा राग आला, आणि तो मला अजून खातो. चैत्रातलं ऊन होतं, मामा घामानं थबथबलेले. मी तांब्या भरून घेऊन बाहेर आलो. म्हटलं, "घ्या, आत बसून प्या."

"नको ओ."

"अहो, निदान घोटभर तरी."

"नको, मास्तर." आणि दोन पावलं मागं सरले.

आपल्या मुलखात माणूस दुसऱ्याच्या हातचं पाणी का घेत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी कोणत्या जातीचा ते इथं सांगायची गरज नाही. पण लहानपणी एका दारात ओंजळीत वरून ओतलेलं पाणी मी प्यालो आहे, आणि ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. मामा मागं सरले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्यासमोर मी तांब्या अंगणात उपडा केला. "जमिनीला तरी चालतं का बघू माझ्या हातचं!"

ते ओल्या मातीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पान्याचं वाईट केलासा, मास्तर." माझ्या बोलण्याबद्दल अवाक्षर नाही. गेले. आणि पुढच्या गुरुवारी, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, "इटलीला कागद..."

माझं जेवण शेजारच्या अक्काकडं असे. विधवा बाई, जिभेची फटकळ, मनाची लोण्यासारखी. तिच्यापुढं मी तणतणलो, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कुनाचंच घेत न्हाईत ओ ते. लढाईवरनं आल्यापासनं. भैनीच्या घरचं न्हाई, लेकीच्या घरचं बी न्हाई. लगीन लावलं लेकीचं रामनगरला, तर म्हातारा मांडवाच्या भाईर उभारून अक्षता टाकत हुता."

"पण का?"

अक्कानं परातीतून डोळे वर केले नाहीत. "ते इचारू ने," म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

मामांच्या हातात नेहमी मुसळाचा एक हातभर तुकडा असे. तो त्यांचा धंदाच. शेतीच्या जोडीला ते मुसळं तासत. खालच्या तोंडाला लोखंडी कडं बसवलेलं त्यांचं मुसळ डिग्गीपर्यंत नाव राखून होतं. त्या तुकड्यानं ते ताल धरत. कशाचा ताल? इटलीच्या भाषेचा!

हसू नका. अक्काच्या परसात भात कांडायला बायका जमल्या की मामा परड्याच्या कुडाबाहेर दगडावर बसत. दोन बायका समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. मामा बाहेरून म्हणत, "पार्-लो, पार्-ली, पार्-ला." आणि त्यांना हवा असे तो जोराचा घाव बरोबर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर पडायला. बायकांना काय, काम होतंय, करमणूकही होतेय. त्या हसत हसत कांडत. "पार्-ल्या-मो." आता जोराचा घाव दुसऱ्यावर. "पार्-ला-ते." पुन्हा दुसऱ्यावर. "पार्-ला-नो." आणि इथं मुसळ चुकायचंच. एकजात सगळ्या दुसऱ्यावर आदळायच्या.

"न्हाई न्हाई न्हाई!" मामा दगडावरनं उठत. "ते म्हनलं की जोर परत पयल्यावर. पार्-लानो!"

मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही, तुम्ही, ते. एवढाच त्याचा अर्थ. त्याची त्यांनी स्वतःची एक खूण केली होती आणि ती गावात पोरासोरांनाही पाठ होती: "मी, तू, तो दारात. आमी, तुमी मदघरात. ते परत दारात." दार म्हणजे शब्दाचा पहिला तुकडा, मधघर म्हणजे दुसरा. सगळ्या क्रियापदांना ती लागू पडत नसे, आणि न पडली की मामा म्हणत, "ह्येचं घर येगळं हाय." पण एकदा ते मला म्हणाले, "बगा मास्तर, एकटा मानूस असंल तर जोर दारातच उभा. आमी-तुमी म्हनलं की आत जातो. त्या लोकांनी इचार करून भाषा केलीया." मी तेव्हा नुसता "हूं" केलं. शिक्का मारत होतो.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. तिसरीतल्या एका पोराला म्हणाले, "एखादं क्रियापद चालवून दाखव." पोरानं छाती पुढं काढली, बाकावर मूठ आपटत सुरू केलं, "पार्लो, पार्ली, पार्ला..." साहेब माझ्याकडं बघतात, मी छताकडं. "ही कुठली भाषा?" पोरगं ठणकावून म्हणालं, "मिलट्रीमामाची!" साहेब भला माणूस. शेऱ्यात फक्त 'उच्चार स्पष्ट' असं लिहून गेले.

माझंही हळूहळू कुतूहल जागं झालं, खोटं का बोला. मी पडलो लघु-गुरू मोजणारा, यमाताराजभानसलगा पाठ असलेला. मला वाटे, त्यात काय अवघड? तर 'वाट बघतो' याला त्यांचा शब्द आस्पेत्तो. मी पाटीवर तुकडे पाडले, आस्-पेत्-तो. मामांनी बाहेरूनच लाकूड आपटलं. "त्यो स मागं कशाला वडतासा? पुढल्याचा हाय त्यो. आ, स्पेत्, तो. जोर स्पेत्-वर." लिहिता-वाचता येत नव्हतं त्या माणसाला, सहीपुरतं काय ते. आणि मला, ट्रेनिंग झालेल्या मास्तराला, अंगणातनं शिकवत होता! मी चिडून म्हटलं, "मामा, एवढं नेमकं बोलून करायचंय काय? इथं कोण इटलीवाला येणार आहे ऐकायला?"

"नेमकंच पायजे," ते म्हणाले. "तिच्या तोंडचंच वाटाय पायजे."

"कुणाच्या?"

त्यांनी लाकूड काखेत धरलं आणि निघून गेले.

पुढं त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आई लहानपणीच गेलेली. अक्कानंच सगळं केलं. मुलगी झाली. सासरी परतायच्या आदल्या दिवशी ती पोरीला घेऊन माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं कार्ड टाकायचं असेल. ती म्हणाली, "मास्तर, तुमी बाबास्नी इचारा."

"काय?"

"त्येंच्याकडं कुनाचा सांगावा हाय?"

मला काही उलगडेना. तेव्हा तिनं मला सांगितलं ते त्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला. त्या डोंगरात मेल्याची खबर माणूस पायी घेऊन जातो. ती खबर घेऊन निघालेला माणूस वाटेत कुणाच्या उंबऱ्याच्या आत जात नाही, कुणाचं पाणी घेत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याच्या अंगणात उभं राहून निरोप सांगायचा. मग त्या घरानं त्याला पाणी द्यायचं. ते पाणी प्यालं की तो सुटला. आणि सांगावा कुणाचा आहे हे दुसऱ्या कुणी विचारायचं नाही. विचारलं तर मरण विचारणाऱ्याच्या दारात उतरतं.

"लढाईवरनं आले ते तसंच आले," ती म्हणाली. "कुनी इचारलं न्हाई. इचारायचं न्हाई न्हवं. कुनाचा तरी ल्योक, कुनाचा तरी दादला मेलाय, आनि बाबा सांगना झाल्यात, असंच समद्यास्नी वाटतंय. सांगना झाल्यात आनि सुटना झाल्यात."

पोरगी कुरकुरायला लागली. तिला खांद्यावर घेत ती बोलत राहिली. सासरच्यांनी सांगून टाकलं होतं: लग्नात मांडवाबाहेर उभा राहून आमचं नाक कापलं, आता नातीच्या उष्टावणाला आजा घरात येऊन पाटावर बसला नाही, पाणी घेतलं नाही, तर सुनेनं पुन्हा माहेरचं नाव काढायचं नाही.

"म्हंजे बाबा मला मेल्यागतच न्हवं?" ती म्हणाली आणि रडू लागली. "आमास्नी इचारता येत न्हाई. तुमी भाईरचे."

मी भाईरचा. खरं होतं. अंगणात तांब्या उपडा केला तेव्हापासूनच होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरळ मामांच्या घरी गेलो. ते अंगणात तासणीनं मुसळ तासत होते. मी बसलोसुद्धा नाही.

"मामा, कुणाचा सांगावा घेऊन फिरताय?"

तासणी थांबली. "इचारलासा," ते म्हणाले.

"हो, विचारलं."

"तुमच्या दारात उतरंल."

"उतरू दे. माझ्या दारात आहे कोण? मी एकटा."

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की आजवर त्या नजरेनं त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मग बोलायला लागले. तेरा-चौदा वर्षं अडलेलं पाणी होतं ते.

आफ्रिकेत ते शत्रूच्या हाती सापडले. इटलीत नेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं. मग तिथलं सरकार पडलं, पहारेकरी पळाले, कैदीही पळाले. मामा डोंगरात शिरले. ऐन थंडीचे दिवस. एका म्हातारीनं त्यांना गोठ्याच्या माळ्यावर ठेवून घेतलं. जर्मन सोजीर गावात हिंडत होते. सापडले असते तर मामांच्या आधी म्हातारीला गोळी घातली असती.

"तिचा बी ल्योक धरलेला, मास्तर. कुठं ठेवलाता? बंगळूरला! आमच्या मुलकात! ती म्हनायची, माझं प्वार तुझ्या देशात, तू माझ्या गोठ्यात. मी तुला खायाला घालते, तितं त्येला कोन तरी घालंल."

म्हातारी गोठ्यात बसून चेस्टनट नावाची, आपल्या काजूबीसारखी फळं सोलायची. एक तुकडा बोलायची, एक बी टोपलीत टाकायची. जोराचा तुकडा आला की बी जोरात आपटायची. खाणं, निजणं, लपणं, बर्फ पडणं, वाट बघणं, सगळं तिनं असं शिकवलं. आणि हिवाळा संपता संपता निरोप दिला: ला माम्मा ती आस्पेत्ता. आई तुझी वाट बघते. घरी पोचलास की बंगळूरला जा आणि माझ्या मुलाला एवढंच सांग.

"रोज म्हनून घ्यायची माझ्याकडनं. जोर हालला की पुन्यांदा. पोरानं डोळं मिटून ऐकलं तर आईच बोलती असं वाटाय पायजे, म्हनायची."

सुटून परत आले, रजा काढली, पहिले बंगळूरला गेले. मुलगा तापानं जाऊन दोन वर्षं झाली होती. मातीवर लाकडी क्रूस होता.

"तितं बसून म्हनलो. एकदा न्हाई, धा डाव म्हनलो. जोर कुठं बी हालला न्हाई, मास्तर. एक डाव बी न्हाई."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. मग विचारलं, "आणि तिला?"

"तिलाच तर सांगायचं हाय. जायाला तर काय जमत न्हाई. आनि मरान कागदावर सांगत्यात व्हय?"

"बेळगावकडं सांगतात. कार्डाचा कोपरा फाडतात. मीच वाटतो की तसली कार्डं."

"पर बोल तिच्या तोंडचंच पायजेत. ल्योक मेल्याचं परक्यागत, मोडकंतोडकं सांगू व्हय तिला? बसवायलोय. अजून बसंना."

आणि मग मला कळलं. दर गुरुवारचं ते "किती दिस लागत्यात". ती मुसळं, तो ताल, ते पार्लो-पार्ली. माझा राग पुन्हा उसळला, पण या वेळचा राग वेगळा होता.

"मामा, बोल बसलेत तुमचे. कधीचे बसलेत. सांगायला तोंड होत नाही तुमचं, एवढंच आहे ते!"

त्यांनी मान खाली घातली. लाकडाचा भुगा पायानं सारत राहिले. "व्हय," म्हणाले. "न्हाई हुईत."

पुढचे तीन गुरुवार त्यांनी अंगणातून सांगितलं आणि मी खिडकीत बसून लिहिलं. त्यांची इटलीची भाषा, माझी देवनागरी. प्रत्येक शब्दाचे तुकडे, मध्ये बारीक रेघ, आणि जोराच्या तुकड्यावर लाल पेन्सिलीचा ठिपका. मजकूर असा: मी पोचलो. लेक मोठी झाली. बंगळूरला गेलो. निरोप दिला. आणि मग ते अडले.

"बोला की."

"ह्येला शब्द न्हाई."

"कशाला?"

"मरन्याला. तिनं समदं शिकवलं, मास्तर. ह्येवढं शिकवलंच न्हाई."

मी तिथं जागा कोरी सोडली.

महिन्यातून एकदा कॅसलरॉकला एक पाद्री येत. तरुणपणी रोमला शिकलेले. जंगलातून दिवसभर चालत मी त्यांना गाठलं आणि कागद वाचून दाखवला, मामांसारखंच बोटानं ताल धरत. पाद्री आधी हसले. मग हसायचे थांबले.

"मास्तर, तुम्ही इटलीला कधी गेला होता?"

"मी बेळगावच्या पलीकडं गेलो नाही."

"मग ही डोंगरातली म्हातारी तुमच्या तोंडात कशी आली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या लिपीत पत्र लिहून काढलं, कोरी जागा भरली, आणि तो शब्द मला सांगितला, मोर्-तो, जोर पहिल्यावर. निघताना मी त्यांना आणखी चार ओळी घालायला लावल्या, माझ्या पदरच्या. त्या मामांना सांगितल्या नाहीत.

गुरुवारी मामांना तो शब्द म्हणून दाखवला. त्यांनी लाकूड एकदाच जमिनीवर टेकवलं. "ह्यो बी दारातच हाय व्हय," म्हणाले. लढाईच्या टोपीत शिवून ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी उसवून दिली. सही केली. पाकिटाचा कोपरा मात्र स्वतःच्या हातानं फाडला आणि म्हणाले, "मारा शिक्का." मी शिक्का मारला.

मग वाट बघणं. ते दर गुरुवारी येत, पण आता दिवस विचारत नसत. थैली रिकामी होईपर्यंत उभे राहत आणि जात. रामनगरहून लेकीचं कार्ड आलं, उष्टावण अमुक दिवशी. ते मी वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "बरं." दिवस भराभर सरत होते. मीच या माणसाला बोलतं केलं होतं. उत्तर आलंच नाही तर?

उष्टावणाला तीन दिवस राहिले असताना, गुरुवारी, आलं. पाद्र्यांनी त्यांच्याकडं आलेलं पत्र आणि सोबत देवनागरीत लिहिलेला अर्थ असं दोन्ही पाठवलं होतं. मी खिडकीतून वाचायला घेतलं, पण ते खिडकीतून वाचायचं नव्हतं. बाहेर आलो आणि मामांच्या समोर उभा राहून वाचलं.

पत्र म्हातारीच्या मुलीचं. लिहिलं होतं: आईला जाऊन दोन हिवाळे झाले. भावाचं तिला माहीत होतं. तुम्ही माळ्यावर असतानाच सरकारी कागद आला होता. आईनं मला शपथ घातली, त्याला कळू देऊ नकोस. म्हणाली, याच्याकडं काहीतरी पोचवायचं असलं तर हा वाटेत मरणार नाही. म्हणून तिनं तुम्हाला तो निरोप दिला. पुढं तुमचं काहीच कळलं नाही, तेव्हा तुम्ही वाटेतच गेलात असं तिनं धरलं. भावासाठी एक आणि तुमच्यासाठी एक, अशा दोन मेणबत्त्या लावायची. तरी शेवटपर्यंत ती तुमची वाट बघत होती.

मामांनी हात वर केला. मी थांबलो.

"ह्ये शेवटचं... तिच्या बोलात काय लिवलंय?"

पाद्री शहाणा माणूस. तेवढं एक वाक्य त्यांनी मूळ भाषेतच देवनागरीत उतरवलं होतं. मी वाचलं, "वी आस्पेत्तावा."

मामा खाली बसले. लाकडानं मातीवर ताल धरला, आ, स्पेत्, ता, वा. तिसरा घाव जोराचा. पुन्हा एकदा. मग लाकूड हातातून सुटलं आणि ते मोठ्यानं रडले. त्या जंगलातल्या पुरुषाला मी असं रडताना त्यानंतर कधी पाहिलं नाही.

"मरनाचा सांगावा संभाळत बसलो, मास्तर," ते म्हणाले. "जित्याचा द्यायचाच ऱ्हायला. कागदावर एक वळ टाकली असती. मी पोचलो म्हनून. येवडीच तर पायजे हुती तिला."

दिवस विचारायला आलेल्या माणसावर खिडकीतून ओरडणारा मी. तीन वर्षांत एकदा तरी बाहेर येऊन विचारलं असतं, की बाबा रे, कागद कुणाला टाकायचाय? तेव्हा म्हातारी जिवंत होती. तेही मी त्याच दिवशी मोजलं, आणि मामांना सांगितलं नाही. आज इथं सांगतोय.

कागदाच्या तळाशी माझ्या चार ओळींचं उत्तर होतं. मी ते वाचलं: पाकिटाचा कोपरा फाटका आला, पण आतलं सगळं मिळालं. पाण्याची रीत तुम्ही कळवलीत. पत्र वाचून झाल्यावर मी दारासमोरच्या झऱ्याचं पाणी पेल्यात भरलं आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवलं. आमच्या घरानं पाणी दिलं, असं त्यांना सांगा.

मामांनी डोळे पुसले. "ह्ये तुमी लिवलंतासा?"

"हो."

मी तांब्या आणायला वळलो, तर म्हणाले, "थांबा. रागाव नका. पयलं लेकीच्या घरचं."

उष्टावणाला मी त्यांच्याबरोबर रामनगरला गेलो. मामांनी धुवट धोतर नेसलं होतं. लेकीचं घर आलं तसे ते सवयीनं अंगणात थबकले. आत पाहुणे, पाट मांडलेले. व्याही दारात आला, हाताची घडी घालून उभा राहिला. "या" म्हणाला नाही. लेक तांब्या घेऊन बाहेर आली. दर वेळी आणायची आणि भरलेलाच परत न्यायची, तसाच.

मामांनी चपला काढल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आत गेले. व्याही बाजूला सरकला. आत पाटावर बसून त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता रिकामा केला. लेक तिथंच भुईवर बसली, तोंडावर पदर धरून. "आनि दे," ते म्हणाले. दुसराही प्याले.

मी अंगणातच राहिलो होतो. म्हटलं, घरचा प्रसंग, आपण परके. चपला शोधत होतो. तेवढ्यात आतून आवाज आला, मांडीवर नात असलेल्या माणसाचा, खणखणीत:

"आत या की ओ, मास्तर! भाईर कशाला उभारलाय?"